गावोगावच्या आत्या

गोदावरी मॅडमच्या आत्या किती गावांत दिल्या आहेत, याचा थांग इन्स्टिट्यूटमध्ये कुणालाच लागत नव्हता. सिल्लोडकडचा फोन लागला की एक आत्या सिल्लोडला निघायची, कन्नडचा लागला की कन्नडला. गंगापूर, वैजापूर, पैठण, एकही तालुका बिनआत्याचा राहिला नव्हता. रिसेप्शनवरची उमा एकदा म्हणालीच, "मॅडम, तुमच्या आजोबांना लेकी झाल्या होत्या का त्यांनी लेकींची पेरणी केली होती?" सगळे हसले. गोदावरीही हसली आणि पुढचा नंबर फिरवला.

इन्स्टिट्यूट औरंगपुऱ्यात, साड्यांच्या दुकानाच्या वर. जिना इतका अरुंद की वर जाणाऱ्यानं आणि खाली येणाऱ्यानं एकमेकांना पोटाशी धरल्याशिवाय वाट मिळत नसे. वर गेलं की काचेचं दार, एसीचा गारवा, भिंतीवर पांढरा कोट घालून हसणाऱ्या गोऱ्या मुलीचं चित्र, आणि त्याच्याशेजारी सोनेरी चौकटीत शॉप अ‍ॅक्टचं लायसन. लायसनवर सरकारी शिक्का होता. खेड्यातून आलेला बाप आधी त्या शिक्क्याकडं बघायचा आणि मग खुर्चीत नीट टेकून बसायचा. इथं एका वर्षात लॅब टेक्निशियन करून मिळत असे. नोकरीची हमी शंभर टक्के, असं बाहेरच्या फलकावर लिहिलेलं होतं. पॅरामेडिकल कौन्सिलची मान्यता नव्हती, हे मात्र कुठंच लिहिलेलं नव्हतं. गोदावरीनं नवी असताना विचारलं होतं. श्रीनिवास सर म्हणाले होते, "प्रोसेस चालू आहे." इन्स्टिट्यूट सुरू झाल्यापासून ती प्रोसेस चालूच होती. थांबली असं कुणी म्हणू शकलं नसतं.

श्रीनिवास सर वाईट माणूस दिसायचे नाहीत. आवाज मऊ, शर्ट नेहमी इस्त्रीचा, शिपायालाही अहो-जाहो. गावातल्या कॉलेजांत ते 'व्यवसाय आणि नीतिमूल्ये' या विषयावर भाषणं द्यायला जात, आणि पोरं टाळ्या वाजवत. दर सोमवारी स्टाफला समोर बसवून सांगत, "आपण खोटं बोलत नाही. पालकाच्या मनात जे आधीच आहे, त्याला आपण फक्त शब्द देतो."

गोदावरीकडं शब्द भरपूर होते. तिचे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. बदलीच्या मागं बदली, आणि दर गावात पोर नवी बोली तोंडात घेऊन घरी यायची. कुठं 'कामून' म्हणतात, कुठं 'काहून', कुठल्या गावात म्हातारीला 'माय' म्हणायचं आणि कुठं 'आई' म्हटलेलंच बरं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. वडील कौतुकानं पाहुण्यांपुढं बोलायला लावायचे. त्या कौतुकाचं पुढं काय होईल हे मास्तरांना ठाऊक असतं, तर त्यांनी पोरीला गप्प बसायला शिकवलं असतं.

आधी ती एका खाजगी शाळेत शिकवायची. तिथं पगार पावसासारखा, आला तर आला. मग नवऱ्याची, बद्रीनाथची, वाळूजची कंपनी बंद पडली आणि तो घरात बसून भिंतीवरच्या पाली मोजायला लागला, तेव्हा ती हा जिना चढली. सुरुवातीला ठरवून दिलेलं बोलायची. "नमस्कार, मी अमुक इन्स्टिट्यूटमधून बोलतेय." समोरून फोन पटापट आपटले जायचे. एकदा एका म्हाताऱ्याशी बोलता बोलता जीभ घसरली आणि ती त्याच्याच बोलीत बोलून गेली. दुसऱ्या दिवशी म्हातारा नातवाला घेऊन हजर. सरांनी केबिनच्या काचेतून पाहिलं आणि बाहेर येऊन म्हणाले, "मॅडम, हेच. आपल्याला हेच पाहिजे." आत्या त्याच आठवड्यात जन्माला आली.

बारावीचा निकाल लागला की कुठून कुठून मुलांचे नंबर यायचे. कसे यायचे, ते विचारायचं नसतं. त्यात एक होता करंजवाडीचा. चितेगावच्या पुढं, पैठणच्या रस्त्यापासून आत.

"हॅलो, द्वारकाबाई का? मी गोदावरी बोलते, औरंगाबादून. मुक्ता पास झाली म्हनं, लई आनंद झाला."

"कोन गोदावरी?"

"अवो, मी परकी नाय. माझी आत्या तुमच्याच गावात दिलीय."

"आमच्या गावात? कोनाच्यात?"

असं विचारणारे थोडेच असत. त्यांच्यासाठीही गोदावरीकडं उत्तर तयार होतं, आणि ते कधी वाया गेलं नव्हतं. "काय सांगू, बाई. लई वर्सं झाली. म्हातारी झाली ती आता. माहेरचं कुनी फिरकलंच नाय तिच्याकडं." जिच्याकडं माहेरचं कुणी फिरकलं नाही अशी एक म्हातारी गावागावात असतेच. समोरचा माणूस आपणहून तिचं नाव पुरवतो.

 पलीकडून द्वारकाबाई ओरडलीच, "अगं बया! दगडाबाई का?"

"व्हय, व्हय. दगडाआत्या."

"माय माय माय! आमच्या गल्लीतच ऱ्हाते ती. अगं, रझाकारापासून तिला माहेर नाय. तिची मानसं त्या धामधुमीत नदीपल्याड गेली, नगरकडं. पोलिस अ‍ॅक्शन झाली, समदे वापस आले, हिचे आलेच नाय. नागपंचमीला आख्ख्या गावाच्या लेकी-सुना झोके घेतात, ही दार लावून बसते. आन तू तिची भाची? मंग फोन कामून करते गं, घरी ये की!"

'कोन' पासून 'अगं' पर्यंत यायला द्वारकाबाईला एवढंच लागलं. गोदावरीच्या कानाची पाळी गरम झाली. आत्या आजवर हवेतली असायची. ही पहिलीच गल्लीत राहणारी निघाली.

"तू घरचीच निघाली तर एक सांग," द्वारकाबाईचा आवाज खाली आला. "मुक्ताचा सरकारी आयटीआयला नंबर लागलाय. विजेचं काहीतरी हाय. तिचे मास्तर म्हनतात, सोडू नका. पन तिथून निघाली की वाळूजची कंपनी, बसनं जानं-येनं, पाळ्या. पोरीची जात. मला वाटतं पांढरा कोट घालून दवाखान्यात बसावी. शुक्रवारी आयटीआयचा शेवटचा दिस हाय. तिथं नाव नाय घातलं तर जागा गेली. काय करू?"

उत्तर एका शब्दाचं होतं. आयटीआय. मास्तरांच्या पोरीला ते कळत नव्हतं असं नाही. पण सर फाइल घेऊन मागून चालले होते, त्यांनी अंगठा वर केला, आणि फोनवर निकाल लावायचा नाही, माणसाला जिना चढायला लावायचा, ही इथली रीतच होती.

"इकडं या," गोदावरी म्हणाली. "समक्ष बोलू."

गुरुवारी उमा धापा टाकत आली. "मॅडम, तुमची आत्या आलीय."

"कोणती?"

"कोणती काय? खरी!"

काचेच्या दारात तिघी उभ्या होत्या. पुढं द्वारकाबाई, धिप्पाड, कपाळभर कुंकू. मागं मुक्ता, कोपरापर्यंत बाह्यांचा पंजाबी ड्रेस, नजर सगळीकडं भिरभिरती. आणि दोघींच्या मधे, वाळलेल्या तुरीच्या शेंगेसारखी, दगडाबाई. जुनेर नेसलेली, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्यात फूल पडलेलं.

गोदावरीला वाटलं, सुटले. आता ही म्हातारी म्हणेल, ही कोन? मग द्वारकाबाई चार शिव्या देईल, पोरीला घेऊन जिना उतरेल आणि उद्या आयटीआयच्या दारात उभी राहील. नोकरी जाईल, पण सुटेन. असं वाटून तिला जसं हलकं वाटलं, तसं तिला त्या कचेरीत कधीच वाटलं नव्हतं.

दगडाबाई जवळ आली. दोन्ही हातांनी गोदावरीचं तोंड धरलं आणि चांगल्या डोळ्यासमोर ओढलं. बघत राहिली. सगळी इन्स्टिट्यूट बघत राहिली.

"हनुवटी बापाची घेतली," म्हातारी म्हणाली. "थेट माझा भाऊ."

द्वारकाबाईनं पदर डोळ्याला लावला. गोदावरीची हनुवटी म्हातारीच्या चिमटीत होती, आणि ती चिमूट लाडाची नव्हती. हाडाला लागेपर्यंत आवळलेली होती.

"कालपासून एका पायावर हाय बघ ती," द्वारकाबाई पिशवी सोडत म्हणाली. "म्हनली, भाचीची ओटी भरल्याबिगर येनार नाय. पन ती कशी भरनार, तिच्या कपाळाला कुंकू नाय. म्हनून तिच्या नावानं मी भरते. बस तू, पदर घे म्होरं."

गोदावरी प्लास्टिकच्या खुर्चीत बसली. वर ती गोरी मुलगी हसत होती. द्वारकाबाईनं कुंकू लावलं, ओंजळीनं गहू घातले, नारळ ठेवला, हिरवा खण ठेवला. घरचे गहू होते, निवडलेले, एक खडा नव्हता. केबिनच्या दारात उभं राहून सरांनी मोबाइलवर फोटो काढला. तो फोटो संध्याकाळी इन्स्टिट्यूटच्या फेसबुकवर जायचा होता, 'आम्ही विद्यार्थी नव्हे, कुटुंब घडवतो' या ओळीसह.

मुक्ता तेवढ्यात सोनेरी चौकटीपाशी गेली होती. तिनं वाचलं आणि वळून म्हणाली, "मावशी, हे तर दुकानाचं लायसन हाय."

"वा!" सर हसले. "हुशार आहे मुलगी. अशाच मुलींची आपल्याला गरज आहे."

"गप गं," द्वारकाबाई लेकीवर डाफरली आणि गोदावरीसमोर स्टूल ओढून बसली. "आता बोल. ओटीत नारळ हाय तुझ्या. पोरीला इथं घालू का आयटीआयला? तू म्हनशील तसं."

गोदावरीनं पदरातल्या गव्हांवर हात ठेवला. "द्वारकाबाई, त्या सर्टिफिकेटचं असं हाय..."

"ती काय सांगनार?" दगडाबाई मधेच म्हणाली. आवाज म्हातारीचा नव्हता, घरच्या कर्त्या बाईचा होता. "म्या सांगते की. माझ्या भावाचं रक्त हाय ते, खोटं नाय बोलनार. घाल पोरीला डोळे झाकून."

आता खरं बोलायचं तर आधी म्हातारीला खोटं पाडायचं होतं. गल्लीतल्या बाईसमोर, भर कचेरीत. म्हातारीसाठी आपण गप्प राहिलो, असं गोदावरीनं पुढं कितीतरी दिवस स्वतःला समजावलं. त्या गप्प राहण्यात पगाराचा वाटा केवढा आणि काचेच्या केबिनचा केवढा, हे तिनं वेगळं निवडून पाहिलं नाही. गव्हातले खडे निवडणं वेगळं.

"पोरीचं चांगलंच होईल," ती म्हणाली.

शुक्रवार आला आणि गेला.

मुक्ता वर्षभर नेमानं आली. सकाळी चितेगावहून बस, दुपारी डबा, संध्याकाळी परत. एकच मायक्रोस्कोप होता, त्याच्यापुढं पोरी रांगेनं उभ्या राहायच्या. मुक्ता सगळ्यात शेवटी राहायची, म्हणजे जास्त वेळ बघता येतं. येता-जाता "मावशी, आजीनं विचारलंय, कधी येता?" असा निरोप आणायची. कधी कैऱ्या, कधी हुरडा. गोदावरी घ्यायची आणि म्हणायची, "येते सांग."

वर्ष संपलं. सर्टिफिकेट मिळालं, वेलबुट्टीचं, लग्नाच्या पत्रिकेला लाजवेल असं. मुक्ता ते घेऊन एका दवाखान्यात गेली. तिथल्या बाईनं उलटंपालटं करून विचारलं, "कौन्सिलचा नोंदणी नंबर?" दुसऱ्या दवाखान्यातही तेच विचारलं. तिसऱ्यातल्या माणसानं विचारलंसुद्धा नाही, नुसतं बघून हसला.

मायलेकी जिना चढून आल्या. सरांनी त्यांना केबिनमध्ये बसवलं, पाणी दिलं, चहा सांगितला. मग मऊ आवाजात समजावलं की, ताई, मान्यता आहे असं आम्ही कधी म्हणालो का? आठवून बघा. नाही म्हणालो. आणि प्लेसमेंटचा शब्द आम्ही पाळतो. वाळूजला एका कंपनीत पॅकिंगला जागा आहे, ठेकेदाराकडून. बस दारापर्यंत येते.

"बस?" द्वारकाबाई म्हणाली.

"हो. तीन पाळ्या असतात."

द्वारकाबाई शिवीगाळ करेल, असं उमाला वाटलं होतं, ती दाराशी कान लावून उभी होती. तसं काही झालं नाही. द्वारकाबाई बाहेर आली, गोदावरीच्या टेबलापाशी थांबली. "दगडाबाईला काय सांगू?" एवढं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पोरीच्या खांद्यावर हात टाकून जिना उतरली. जिना अरुंद होता, म्हणून दोघींना अंग तिरपं करून उतरावं लागलं.

पुढच्या सोमवारी सर म्हणाले की गोदावरी मॅडमनी नव्या मुलींना तयार करावं. त्यांचा पालकांशी जो संवाद आहे, तो इन्स्टिट्यूटची ठेव आहे. चार नव्या पोरी आल्या. त्यातली एक शहरातली, सिडकोत वाढलेली. फोनवर गोड आवाजात म्हणाली, "माझी आत्या तुमच्याच गावात दिलीये," आणि रिसीव्हरवर हात ठेवून विचारलं, "मॅडम, आत्या म्हणजे वडिलांची बहीण की आईची?"

गोदावरी उठून बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून उभी राहिली.

त्याच आठवड्यात मुक्ताच्या बापाचा, रामकिसनचा, फोन आला. एरवी कधी न बोललेला माणूस. "मॅडम, म्या केस टाकनार हाय. ग्राहक कोर्टात. वकील बघितलाय. तुमच्या मालकाचं नाव टाकीन, आन तुमचं त्याच्या आदी."

"टाका," गोदावरी म्हणाली. तिला स्वतःचंच नवल वाटलं. "मी रविवारी गावात येते, दादा. समक्ष सांगते."

तिनं मनाशी सगळं ठरवलं होतं. गल्लीत उभं राहून सांगायचं की मी दगडाबाईची कुणी नाही, म्हणजे म्हातारीवरचा बोल जाईल. मग कोर्टात उभं राहायचं आणि फोनवर काय बोलायला लावत होते, आपण काय बोललो, ते अक्षर न् अक्षर सांगायचं. बद्रीनाथला तिनं एवढंच सांगितलं की नोकरी बहुतेक जाईल. तो म्हणाला, "मग दोघं मिळून पाली मोजू." गेल्या कित्येक महिन्यांत तो पहिल्यांदा काहीतरी बरं बोलला होता.

रविवारी पैठणच्या बसनं ती चितेगावला उतरली, तिथून रिक्षानं करंजवाडी. दगडाबाईचं घर विचारावं लागलं नाही. ओट्यावर चार-पाच बायका बसलेल्या होत्या, द्वारकाबाई त्यांच्यात होती, आणि मधोमध दगडाबाई नवं निळं लुगडं नेसून शेंगा फोडत होती.

"घ्या, आली बगा लुगडंवाली," एक बाई म्हणाली.

"कसलं लुगडं?" गोदावरीनं विचारलं.

"तुमीच धाडलं नव्हं, पंचमीला? म्हातारी तवापासून अंगावरून काढायला तयार नाय. लेकरांची जिंदगी बुडवायची आन आत्याला लुगडी धाडायची. झ्याक हाय."

गोदावरीनं कधी रुमालही पाठवला नव्हता. तिनं दगडाबाईकडं बघितलं. दगडाबाईनं शेंग फोडली, दाणा तोंडात टाकला.

रामकिसन समोरच्या आपल्या घरातून बाहेर आला. शेतात काम करणाऱ्या माणसाचं अंग, पण दारात असा उभा राहिला, जसा परक्याच्या घरी आलाय. गोदावरीनं चप्पल काढली नाही, ओट्याखालीच उभी राहिली आणि म्हणाली, "सगळ्यांच्या म्होरं सांगते. मी हिची भाची नाय. हिची-माझी ओळख बी नव्हती. फोनवर लोकांना जाळ्यात घ्यायला मी आत्या सांगायचे. म्हातारीचा यात काही दोष नाय. दादा, तुम्ही केस टाका. मी साक्ष देते."

शेंगा फोडायचा आवाज थांबला.

मग ओट्यावरून हसू आलं. हसू म्हणजे थुंकीच. "ऐका! आता आत्याला बी नाकारती."

"निस्तरायची येळ आली की नातं तुटलं व्हय?"

"लुगडं धाडताना बरी भाची व्हती."

"अवो, मी खरं सांगते," गोदावरी म्हणाली, आणि ते वाक्य तिच्या स्वतःच्याच कानाला फोनवरचं वाटलं. तोच ताल, तीच माया.

दगडाबाई सावकाश उठली. "लाजलीय ती," सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "चूक झाली तिच्याकडून. पोरगीच हाय. तोंड दाखवायला आली, हे बी काय कमी?"

"दादा," गोदावरी रामकिसनकडं वळली. "तुम्ही तरी ऐका. केस टाका."

रामकिसननं मान हलवली. "टाकनार व्हतो. कागद बी झाले व्हते. पन ही म्हातारी दोन दिस माझ्या दारात बसली, अन्नाला शिवली नाय. म्हनली, आख्ख्या जन्मात एक माहेर गावलंय, ते कोर्टात नेऊ नको. आता गल्लीतल्या बाईच्या माहेरावर केस कशी टाकावी? उद्या तिची मयत आमालाच उचलायची हाय."

"पण मी तिचं माहेर नाहीच, तेच तर सांगते! कोर्टात सांगते."

"तुमच्या साक्षीवर कोन भरवसा ठेवीन, मॅडम?" तो रागानं बोलला नाही, म्हणून जास्त लागलं. "मांगं म्हनत व्हत्या आत्या हाय. आज म्हनता नाय. उद्या न्यायाधीशाम्होरं काय म्हनाल, ते तुमाला तरी ठाव हाय का?"

 द्वारकाबाई उठली, पदर झटकला, टरफलं खाली पडली. "जेवू घाल गं तिला, दगडाबाई," म्हणाली. "पाव्हनी हाय." आणि स्वतःच्या घरात जाऊन दार लोटून घेतलं.

दगडाबाईनं गोदावरीला हाताला धरून आत नेलं. एक खोली, चूल, पत्र्याची पेटी. तव्यावर भाकरी टाकली. 

"तुम्हाला पहिल्या दिवशीच कळलं होतं," गोदावरी म्हणाली.

"न कळायला काय झालं? माझा भाऊ नदी उतरायच्या आदीच गेला. रझाकारांनी मारला. लग्न बी नव्हतं झालं त्याचं." भाकरी उलटली. "त्याला कुठून आली लेक?"

"मग कशाला हो म्हणालात?"

"तू फोनवर कामून म्हनली व्हतीस?"

गोदावरीनं चुलीतलं लाकूड आत सरकवलं.

"तुला पगार भेटला. मला माहेर," म्हातारी म्हणाली. "लुगडं म्या माझ्या पैशानं आनलं, पैठणहून, चोरून. तेवढं कुनाला बोलू नको."

"आणि मुक्ताला काय मिळालं?"

दगडाबाईचा भाकरीवरचा हात थांबला. फूल पडलेला डोळा चुलीकडं, चांगला डोळा दाराकडं. भाकरीला काळा डाग पडेपर्यंत ती तशीच बसून राहिली. मग ती भाकरी बाजूला ठेवली आणि दुसरी थापायला घेतली. गोदावरीनं जेवायला नाही म्हटलं नाही. कुठल्या तोंडानं म्हणणार?

निघताना म्हातारीनं बायकांना ऐकू जाईल असं ओट्यावरून हाक मारून सांगितलं, "दिवाळीला ये गं! वाट बघते!"

परतीला रिक्षा मिळाली नाही, म्हणून गोदावरी फाट्यापर्यंत चालत आली. एसटीचा पत्ता नव्हता. तेवढ्यात वाळूजकडं जाणारी कंपनीची बस येऊन थांबली, दुसऱ्या पाळीची. फाट्यावर उभ्या असलेल्या पोरी चढल्या. शेवटची मुक्ता होती, राखाडी एप्रन हातावर, डबा पिशवीत. पायरीवर एक पाय ठेवून तिनं वळून बघितलं.

"या, मावशी," ती म्हणाली. "एसटी आज नाय यायची. नाक्यावर उतरा, तिथून रिक्षा भेटन."

नको म्हणायला गोदावरीला जमलं नाही. पोरींनी सरकून जागा करून दिली. बस सुरू झाली. शेजारच्या पोरीनं, नवी ओळख म्हणून, हसून विचारलं, "तुमी कोनच्या?"

"दगडाआजीची भाची हाय," मुक्ता म्हणाली.

"अच्छा, करंजवाडीच्या आजीचं माहेर का! मंग औरंगाबादला काय करता, मावशी?"

गोदावरीनं तोंड उघडलं. उद्या सोमवार होता, सर सगळ्यांना समोर बसवणार होते, आणि नव्या पोरींना अजून कन्नडकडची बोली जमत नव्हती.

"फोन करतात," मुक्तानंच सांगितलं, आणि खिडकीकडं तोंड फिरवून ती बाहेरची तूर बघत बसली.